विषय: वक्तृत्व स्पर्धा – ग्रेट्स्की तिघांनी घेतलाय, दोघांनी शुक्रवारपर्यंत बदला

शाळेची ताई, मंगळवार रात्री
मंडळी, टोरांटो मंडळाच्या स्पर्धेतल्या मोठ्या गटाची नावं आली. आठ मुलं आणि त्यातल्या तिघांनी वेन ग्रेट्स्की. "माझा आवडता हॉकीपटू" (म्हणजे बर्फावरची हॉकी) हा विषय ठरला तेव्हाच एक खेळाडू एकदाच हे ठरलं होतं, मिनिट्समध्ये आहे. मागच्या वर्षी लोकमान्य टिळकांवर चार भाषणं झाली, चौथ्या मुलीला शेंगांची टरफलं परत सांगावी लागली आणि ती स्टेजवरच रडवेली झाली, ते मला यंदा नकोय. तेव्हा तिघांच्या पालकांनी आपसात बोलून दोघांचे खेळाडू बदलून कळवा. रविवारी रंगीत तालीम आहे.

एटोबिकोहून, बुधवार सकाळी
ताई, आमच्याकडे बदलणं होणार नाही. अर्धं भाषण पाठ झालंय. ब्रँटफर्डच्या घरामागे वडिलांनी केलेली बर्फाची रिंक, टीव्हीवर मॅच चालू असताना पक (चेंडूऐवजी असतो तो) जिथे जाईल तिथे कागदावर पेन्सिलने रेघ ओढत बसायचं, मग ती रेघ सगळ्यात जास्त कुठे कुठे गेली ते बघायचं, हे सगळं आलंय त्यात. दहाव्या वर्षी एका मोसमात ३७८ गोल. माझ्या मुलाचं वयही दहाच, त्याला ते मनापासून भिडलंय, आता त्याला दुसरा कोणी घे कसं सांगू? आम्ही नाव पहिल्यांदा पाठवलं होतं, सोमवारी सकाळी सव्वासातला. ज्यांनी नंतर पाठवलं त्यांनी बदलावं.

अण्णा, बुधवार दुपारी
माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. टोरांटोतल्या मंडळात ग्रेट्स्की "आवडता" कसा? २७ मे १९९३ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सेमीफायनलची चार मॅच जिंकायची मालिका, आपले टोरांटोचे लीफ्स ३-२ पुढे, सहावी मॅच लॉस एंजेलिसला, आपल्या वेंडेल क्लार्कची हॅटट्रिक, ४-४ बरोबरी, ओव्हरटाइम. तेव्हा लॉस एंजेलिसकडून खेळणाऱ्या ग्रेट्स्कीची काठी आपल्या गिलमोरच्या तोंडावर बसली, हनुवटीतून रक्त, सगळ्या जगाने पाहिलं आणि पेनल्टी नाही. पुढच्या काही क्षणांत त्यानेच गोल मारला. मी तेव्हा कारखान्यात रात्रपाळीला होतो, सुट्टीत लंचरूममध्ये बारा-पंधराजण एका छोट्या टीव्हीसमोर, इटालियन, पोर्तुगीज, जमैकन, मी एकटा मराठी. गोल झाल्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, सगळे उठून मशीनवर गेले. ती मॅच जिंकलो असतो तर फायनलला मॉन्ट्रियलशी गाठ होती. १९६७ ला स्टॅनले कप जिंकल्यानंतर तेवढ्या जवळ आपण परत गेलेलो नाही. मुलांना हे माहीत नसेल, पण पालकांना तरी असावं.

नाना, बुधवार संध्याकाळी
अण्णा, तुम्ही दर वर्षी सहावी मॅच सांगता आणि सातवी सांगत नाही. सातवी इथे मेपल लीफ गार्डन्समध्येच झाली, घरच्या मैदानावर, आणि त्यात ग्रेट्स्कीने तीन गोल मारले. त्याला रेफरी काय करणार? मी तेव्हा मॉन्ट्रियलला राहत होतो, त्या वर्षी आमची टीम प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) ओळीने दहा ओव्हरटाइम जिंकली, पॅट्रिक र्‍वा गोलमध्ये उभा होता, फायनलमध्ये लॉस एंजेलिसला पाचच मॅचमध्ये घरी पाठवलं. चोविसावा कप. त्यानंतर कॅनडातल्या एकाही टीमला कप आणता आलेला नाही, हे दुःख लीफ्सच्या दुःखापेक्षा मोठं आहे, ते सगळ्या देशाचं आहे.

अण्णा, बुधवार रात्री
नाना, सातवी मॅच तो उत्तमच खेळला, मी कधीच नाही म्हटलं नाही. पण पेनल्टी दिली असती तर सातवी झालीच नसती एवढंच माझं म्हणणं. आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये एडमंटन सोडून कॅलिफोर्नियाला गेला तेव्हा देशाला काय वाटलं तेही आठवा.

एटोबिकोहून, बुधवार रात्री उशिरा
अण्णा, तो गेला नाही, त्याला मालकाने विकलं. पत्रकार परिषदेत रडला होता तो. आणि कृपया विषय स्पर्धेचा आहे, माझा मुलगा हे मेल वाचतो.

खजिनदार, गुरुवार सकाळी
दोन गोष्टी. हॉल पाचला रिकामा करायचाय, वर जास्तीचा तास घेतला तर पैसे पडतात, तेव्हा भाषण चार मिनिटं म्हणजे चारच. दुसरं, जो कोणी ग्रेट्स्की घेईल त्याने "जगात सर्वाधिक गोल" असं म्हणू नये. ते आता चूक आहे. ६ एप्रिल २०२५ ला रशियाच्या ओवेचकिनने एनएचएल लीगच्या नेहमीच्या मोसमांतला ८९५ वा मारला, न्यूयॉर्क आयलँडर्सच्या मैदानात, ग्रेट्स्की स्वतः हजर होता. योगायोग असा की ओवेचकिनची ती १४८७ वी मॅच होती आणि ग्रेट्स्की नेहमीच्या मोसमांत १४८७ मॅचच खेळला. म्हणजे तेवढ्याच मॅचमध्ये एक गोल जास्त. तेव्हा ओवेचकिन घ्या ना कोणीतरी, यादीत तो नाहीच आहे, आश्चर्य वाटलं.

एटोबिकोहून, गुरुवार दुपारी
गोल ८९५ झाले, मान्य, आम्ही ते वाक्य काढतो. पण गोल म्हणजे सगळं नाही. ग्रेट्स्कीचे नुसते असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) १९६३ आहेत. दुसर्‍या नंबरवर यागर, त्याचे गोल आणि असिस्ट मिळून एकूण गुण १९२१. म्हणजे ग्रेट्स्कीने आयुष्यात एकही गोल मारला नसता तरी तोच पहिला राहिला असता. दुसर्‍याला गोल करायला देणारा माणूस मुलांपुढे ठेवावा असं मला वाटतं.

मिसिसागाची आई, गुरुवार संध्याकाळी
ताई, आमचं बदललं. माझ्या मुलाने ग्रेट्स्की घेतला होता तो फक्त नाव माहीत म्हणून. काल जेवताना याच मेलवरून विषय निघाला, तर त्याचे बाबा म्हणाले मारिओ लेमिउ वाच. जानेवारी १९९३ मध्ये त्याला हॉजकिन्स हा कॅन्सर निघाला, तेव्हा तो गुणांत सगळ्यांच्या पुढे होता. दोन महिने बाहेर. २ मार्चला सकाळी शेवटचं रेडिएशन घेतलं आणि त्याच रात्री फिलाडेल्फियाला जाऊन खेळला, एक गोल, एक असिस्ट. फिलाडेल्फिया म्हणजे पिट्सबर्गचे पक्के वैरी, पण ते लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोसम संपला तेव्हा ६० मॅचमध्ये १६० गुण, परत पहिला. सासूबाईंची पुण्यात दोन वर्षांपूर्वी रेडिएशनची तेहतीस सिटिंग झाली, त्यांना रिक्षातून उतरून जिना चढता यायचा नाही, मुलगा व्हिडिओवर रोज विचारायचा, आजी आज कितवं. त्याने ते वाचलं आणि स्वतःच म्हणाला, मला हाच पाहिजे. त्याला आजीला भाषण लाइव्ह ऐकवायचंय, हॉलमधलं वायफाय चालतं का कोणी सांगेल का?

खजिनदार, गुरुवार रात्री
वायफाय चालतं, पासवर्ड मी देतो. आजींना पुण्याची वेळ आधी कळवा, त्यांची रात्र होईल.

स्कारबरोची वहिनी, गुरुवार रात्री
आठ मुलांमध्ये पाच मुली आहेत आणि यादीत एकही बाई नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही? हेली विकनहायझर. २००२, २००६, २०१०, २०१४, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं. नंतर डॉक्टर झाली. लीफ्सच्या ऑफिसातही तिने मोठ्या पदावर काम केलंय. माझी मुलगी आधी मॅथ्यूज करणार होती, ती बदलतेय. ती स्वतः गोलमध्ये खेळते, पहाटे साडेपाचला मी तिला रिंकवर सोडते, तिथे माझ्याशिवाय मराठी बोलणारं कोणी नसतं, म्हणून ही स्पर्धा मला फार जवळची आहे.

नाना, शुक्रवार सकाळी
वहिनी, उत्तम. आता तिसर्‍या ग्रेट्स्कीसाठी माझा आग्रह केन ड्रायडन. सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. १९७१ मध्ये नेहमीच्या मोसमात फक्त सहा मॅच खेळलेला पोरगा प्लेऑफमध्ये गोलमध्ये उभा केला, बॉबी ऑरच्या बॉस्टनला हरवलं, कप आणला, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नवोदिताचं बक्षीस त्याला पुढच्या वर्षी मिळालं. मॅकगिलमधून वकिली शिकला, १९७३-७४ चा अख्खा मोसम सोडून इथे टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली, परत गेला आणि १९७६ ते ७९ ओळीने चार कप. मोजून सहा कप, आणि बत्तिसाव्या वर्षाच्या आत निवृत्त. पुढे खासदार, मंत्री. मी १९७८ ला मॉन्ट्रियलला उतरलो तेव्हा बर्फावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण खेळ थांबला की काठीवर हनुवटी टेकून शांत उभा राहणारा तो उंच माणूस मला कळायचा. त्याच्यामुळे मी हा खेळ बघायला लागलो.

अण्णा, शुक्रवार दुपारी
ड्रायडन घ्या. पुढे ते लीफ्सचे अध्यक्षही होते, ते नाना विसरले. आणखी एक, मुलांनी पक ला काय म्हणायचं ते ठरवा. तालमीत एकजण चकती म्हणतो, एक टिकली म्हणते. पंजाबी मंडळींनी २००८ पासून हॉकी नाइट (टीव्हीवरचा मॅचचा कार्यक्रम) पंजाबीतून ऐकवली, त्यांनी शब्द घडवले, म्हातारे लोक घरात बसून मॅच बघायला लागले. आपली संख्या तेवढी नाही, पण चार मिनिटांचं भाषण तरी नीट मराठीत व्हावं.

मार्खमहून, शुक्रवार दुपारी
तिसरा ग्रेट्स्की आमचा. लेक म्हणतेय ड्रायडन चालेल, पण नानांनी संध्याकाळी अर्धा तास फोनवर तिला सांगावं. पक ला पकच म्हणू द्या, बॅटला आपण बॅटच म्हणतो.

नाना, शुक्रवार दुपारी
सहा वाजता करतो. तिच्याकडे वही असू दे.

शाळेची ताई, शुक्रवार रात्री
छापायला जाणारी यादी: ग्रेट्स्की (एटोबिको), लेमिउ, विकनहायझर, ड्रायडन, बॉबी ऑर, गॉर्डी हाउ, विली ओ'री, क्रॉस्बी. ओवेचकिन कोणी घेतला नाही, खजिनदारांनी माफ करावं. पक ला पक, हे शाळा ठरवते, कार्यकारिणीत नेऊ नये. अण्णा, तुम्ही परीक्षक आहात म्हणून आधीच विचारते, एटोबिकोच्या मुलाला गुण देताना १९९३ मनात नको. रविवारी साडेनऊला तालीम, मुलांना नाश्ता करून आणा.

अण्णा, शुक्रवार रात्री
१९९३ मनात नाही आणणार. कागदावर पेन्सिलने रेघ ओढायची ती गोष्ट मला माहीत नव्हती. त्याला म्हणावं ती सावकाश सांग.