दादरला वेस्टर्नवरून सेंट्रलला जायचंय, सोबत आई आणि आत्या, रात्री कोकणात जाणारी तुतारी एक्सप्रेस पकडायची आहे. कसं जाऊ?

कणकवलीची_लेक

नमस्कार मंडळी. आई आणि आत्याला घेऊन गावाला निघालेय, तुतारीचं तिकीट कन्फर्म आहे, दादरहून रात्री १२.०५ ला सुटते ती. आम्ही राहतो बोरिवलीला. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर ती छान चालते पण जिने म्हटले की घाबरते, आणि सामान म्हणजे दोन मोठ्या चाकांच्या बॅगा आणि एक पिशवी, सगळी ओढायला मी एकटीच. माझं रोजचं जाणंयेणं बोरिवली-अंधेरी त्यामुळे दादरला उतरायची वेळच येत नाही, आणि जे कोणी सांगतंय ते वेगवेगळं सांगतंय, एक म्हणतो सात नंबरला जा, दुसरा म्हणतो तो नंबर आता राहिलाच नाही. लोकलने जाऊ की टॅक्सीने, कुठल्या पुलाने जायचं, लिफ्ट सापडते का, आणि किती वाजता घरातून निघू हे कोणी नीट सांगाल का? आत्याला धावपळ होऊ द्यायची नाहीये मला, बाकी काही नाही.

---

लोकलवाला

ताई, तुम्हाला दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या कारण नंबर बदललेत. आधी वेस्टर्नला १ ते ७ होते आणि सेंट्रलला परत १ पासून सुरू, म्हणजे "प्लॅटफॉर्म नंबर तीन" म्हटलं की कुठला तीन हे आधी विचारायला लागायचं, आणि नवीन माणूस हमखास चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले आणि सेंट्रलचे ८ पासून पुढे १४ पर्यंत केले. कोणी जुना माणूस "सेंट्रलचा सात" म्हणत असेल तर तो जुना हिशोब आहे, तो सोडून द्या.

आता खरी लक्षात ठेवायची गोष्ट. दादर म्हणजे शेजारी शेजारी लावलेली दोन स्टेशनं आहेत, आणि नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. १ नंबर एकदम पश्चिमेला, फूल मार्केटच्या बाजूला. १४ एकदम पूर्वेला. एवढं डोक्यात बसलं की पुलावर उभं राहिल्यावर कुठल्या दिशेला वळायचं हे कोणाला विचारायला लागत नाही, समोरची पाटी ५ दाखवत असेल आणि तुम्हाला १२ हवा असेल तर पूर्वेकडे चालत राहायचं, बस्स. मी आईला हेच शिकवलंय, ती आता एकटी जाते.

लोकलचं म्हणाल तर बोरिवलीहून फास्ट पकडा, स्लो नको. वेळेसाठी म्हणत नाहीये मी, वेस्टर्नच्या स्लो गाड्या पश्चिमेकडच्या प्लॅटफॉर्मना लागतात आणि फास्ट गाड्या पूर्वेकडच्या, म्हणजे फास्टने उतरलात की सेंट्रलच्या अर्ध्या वाटेवर आधीच पोचलात, पुलावरचं चालणं तेवढंच वाचतं.

---

पूर्वेचा_माणूस

लोकलवाल्यांचं सगळं बरोबर आहे, पण ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस सोबत असताना लोकल कशाला? बोरिवलीहून टॅक्सी किंवा कॅब करा आणि दादर पूर्वेला उतरा. पश्चिमेला उतरलात तर सगळं स्टेशन पुलावरून ओलांडायला लागेल, वेस्टर्नपण आणि सेंट्रलपण, आणि सामान घेऊन ते फार होतं. पूर्वेला उतरलात तर सेंट्रल लगेच समोर. ॲपमध्ये नुसतं "दादर स्टेशन" टाकू नका, ड्रायव्हर पश्चिमेला नेऊन सोडू शकतो. स्वामीनारायण मंदिर टाका, ते पूर्वेला स्टेशनसमोरच आहे, कोणीही ओळखतो.

रिक्षाचा विचार असेल तर सोडून द्या, रिक्षा वांद्र्याच्या आणि सायनच्या पुढे येत नाही, मध्येच उतरून सामान बदलायला लागेल.

लांबच्या गाड्या सहसा पूर्वेकडच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मना लागतात, पण नंबर मी इथे लिहीत नाही कारण तो बदलू शकतो. त्या दिवशी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघा किंवा रेल्वेच्या चौकशीच्या १३९ नंबरला फोन करा, आणि स्टेशनला पोचल्यावर परत एकदा इंडिकेटर बघा, शेवटचा शब्द इंडिकेटरचा.

---

मालवणी_माणूस

सगळं राहू द्या, आधी तिकिटावरची तारीख बघा!! तुतारी १२.०५ ला सुटते म्हणजे तारीख बदलून पाच मिनिटं झालेली असतात. तिकिटावर शनिवारची तारीख असेल तर शुक्रवारी रात्री स्टेशनला पोचायचं. शनिवारी रात्री गेलात तर गाडी चोवीस तास आधी गेलेली असते आणि तिकीट वाया. कोकणातले कितीतरी लोक यात अडकतात, दर सीझनला कोणी ना कोणी स्टेशनवर रडवेला झालेला दिसतोच, बायका-मुलं बॅगांवर बसलेली असतात आणि टीसी तरी काय करणार. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला वार सांगताना "शुक्रवार रात्र" असंच सांगा, तारीख सांगू नका.

आणि दुसरं, पावसाळ्यात जात असाल तर कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल असतं, परतीच्या वेळा तेव्हा नक्की तपासून घ्या.

---

कणकवलीची_लेक

@मालवणी_माणूस खूप खूप धन्यवाद, तिकीट शनिवारचंच आहे आणि मी शुक्रवार रात्रच धरली होती, पण आईने आत्याला फोनवर "शनिवारी रात्रीची गाडी" असं सांगून ठेवलं होतं आणि ती शनिवारी सकाळी पुण्याहून यायला निघणार होती!! आत्ता लगेच फोन केला, ती शुक्रवारी दुपारीच येतेय. 🙏🙏

कॅबचं पटतंय मला पण एक अडचण आहे, शुक्रवारी संध्याकाळी हायवेला काय होतं सगळ्यांना माहितीये, आणि आत्याला दीड-दोन तास गाडीत पाय मुडपून बसवलं की गुडघा धरतो, डॉक्टरांनी पण मध्ये मध्ये उठायला सांगितलंय. लोकलमध्ये ती उभी राहू शकते, पाय मोकळे करू शकते. म्हणून अजून ठरत नाहीये.

---

ठाणेकर७२

मी म्हणतो दादरला जाताच कशाला? तुतारी ठाण्याला थांबते, पनवेलला थांबते. बोरिवलीहून घोडबंदर रोडने ठाण्याला या आणि बोर्डिंग (गाडीत चढायचं स्टेशन) ठाणे करून घ्या, आयआरसीटीसीवर बदलता येतं, फक्त निदान एक दिवस आधी करा म्हणजे टेन्शन नाही. आणि एकदा बोर्डिंग बदललं की मग दादरहून चढायचं नाही, ते लक्षात ठेवा.

---

लोकलवाला

@ठाणेकर७२ दादा तुमचा सल्ला धडधाकट माणसासाठी उत्तम आहे, पण इथे मला अजिबात पटत नाही. ठाण्याला गाडी थांबते किती वेळ? दोन-चार मिनिटांत दोन म्हाताऱ्या बायका, दोन बॅगा, आणि डबा पुढेमागे लागला तर धावायचं. दादरहून तुतारी सुटते. गाडी आधीच येऊन उभी असते, दार उघडं असतं, आत्याला आरामात धरून चढवता येतं, सामान बर्थखाली सरकवता येतं, आणि मग पाणी प्यायला पण वेळ असतो. ज्यांचे पाय दुखतात त्यांना नेहमी सुरुवातीच्या स्टेशनवरूनच बसवावं, मग त्यासाठी एक पूल जास्त चढायला लागला तरी चालेल. आणि तो पूलसुद्धा लिफ्टने होतो.

ताई, लोकलने जाणार असाल तर घाबरू नका. रात्री नऊ-साडेनऊला गर्दी चर्चगेटकडून विरारकडे येत असते, तुम्ही उलट जाणार. बोरिवलीहूनच सुटणारी फास्ट पकडलीत तर बसायला मिळेल. पाऊण तास धरा. दादरला उतरल्यावर पहिल्या धक्क्यात लोकांबरोबर जिन्याकडे पळू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बाकावर बसा, गाडीची गर्दी दोन-तीन मिनिटांत पूल चढून जाते, मग प्लॅटफॉर्म मोकळा होतो, पाट्या दिसायला लागतात आणि लिफ्टसमोर रांग पण राहत नाही. मोठ्या स्टेशनात माणूस हरवतो तो गर्दीच्या मागे वाहत गेल्यामुळे, गर्दीला तुमच्या गाडीला जायचं नसतं ना.

दादरला पूल एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येक पूल प्रत्येक प्लॅटफॉर्मला उतरत नाही, म्हणून चढायच्या आधी पाटीवर सेंट्रलचे नंबर (८ च्या पुढचे) लिहिलेत का ते बघा. लिफ्ट बंद असेल तर पुढच्या पुलाची बघा, आणि तीही नसेल तर हमाल करा, बिल्ला असलेला, आधी पैसे ठरवून. बॅगा त्याच्याकडे आणि तुमचा हात आत्याच्या हातात. व्हीलचेअर पण मिळते, स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात विचारायचं, त्याला वेळ लागतो म्हणून लवकर जा.

---

डबा_एस_पाच

एक राहिलंच. सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर उतरायच्या आधी तुमचा डबा कुठे येतो ते कळलं पाहिजे. प्लॅटफॉर्मवर वर छोटे इंडिकेटर असतात, गाडी लागायच्या आधी त्यावर एस-३, बी-१ असं येतं. एक डबा वीस मीटरच्या वर असतो, तुम्ही चुकीच्या टोकाला उभ्या राहिलात आणि दहा डबे चालायला लागले तर दोनशे मीटर झाले, तेही बॅगा ओढत. तुमच्या आत्याला जिना जेवढा नको तेवढंच हे पण नको. पुलावरून उतरल्यावर आधी मधोमध थांबा, इंडिकेटर लागला की मग सरका. टोकं ओळखायची असतील तर तिथे कोणालाही "सीएसएमटी साइड कुठली, कल्याण साइड कुठली" असं विचारा, लगेच हात दाखवतात. वेस्टर्नला तेच "चर्चगेट साइड, विरार साइड". डावीकडे-उजवीकडे विचारलंत तर सांगणारा आणि तुम्ही वेगवेगळ्या दिशेला तोंड करून उभे असता आणि घोळ होतो.

आणि तुम्हाला सोडायला कोणी येणार असेल तर त्याचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, दहा रुपये, दोन तास चालतं. म्हणजे त्याने फार आधी काढून उपयोग नाही.

---

पूर्वेचा_माणूस

गुडघा धरतो म्हणताय तर कॅबचा हट्ट मी सोडतो, लोकलने या. पण परत येताना बघा, तुतारी सकाळी लवकर पोचते दादरला, रात्रभर झोप धड झालेली नसते, तेव्हा सरळ पूर्वेला बाहेर पडून टॅक्सी करा. सकाळी त्या वेळेला उत्तरेकडे रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, आत्याला मध्ये एकदा उतरवून दोन पावलं चालवा.

---

कणकवलीची_लेक

ठरलं मग. जाताना बोरिवलीहून नऊच्या आसपासची फास्ट, येताना टॅक्सी. मामेभाऊ लोअर परळला कामाला आहे, तो साडेदहाला दादरला येतो म्हणालाय, एक बॅग तो घेईल. त्याला कुठे उभं राहायला सांगू? पुलावर नको वाटतंय, फोन लागला नाही तर शोधत बसू.

---

लोकलवाला

पुलावर अजिबात नको, तिथे उभं राहू देत नाहीत आणि ऐकू पण येत नाही. तो लोअर परळहून वेस्टर्ननेच येणार, तर त्याला सांगा की तुम्ही उतरता त्या प्लॅटफॉर्मवरच्या लिफ्टपाशी यायचं. तुम्ही गाडीत बसलात की त्याला मेसेज करा, बांद्रा सोडलं की परत एक करा, आणि उतरल्यावर इंडिकेटरवरचा प्लॅटफॉर्म नंबर वाचून तोच फोनवर सांगा. आत्याला बाकावर बसवून ठेवा तोपर्यंत. घाई नाहीये, गाडीला दीड तास असेल तेव्हा.