मदत हवी आहे: एक्सपीवरच्या फाइल विंडोज ११वर दिसेनाशा झाल्या, प्रिंटरही शेअर होत नाही

छापखानेवाली

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. टायपिंग आणि मांडणी अजूनही विंडोज एक्सपीच्या एका कॉम्प्युटरवरच चालते. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीचं आहे, त्याचं डोंगल (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटं उपकरण) मागच्या पॅरलल पोर्टला (जुने प्रिंटर जोडायच्या रुंद जागेला) लागतं आणि पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या जुन्या फाइल त्याच फॉन्टात आहेत. त्या दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. त्यामुळे "जुनं काढून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका, ते शक्य असतं तर केव्हाच केलं असतं.

नवीन मशीन विंडोज ११ प्रो आहे. ए३ लेझर प्रिंटर त्यालाच यूएसबीने जोडलाय. बिलं, ईमेल, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो सगळं तिकडेच. मशीन बसवून देणाऱ्या मुलाने विंडोज फीचर्समध्ये काहीतरी सुरू केलं होतं आणि एक्सपीवरचं शेअर केलेलं फोल्डर नव्यावर व्यवस्थित उघडायचं. लग्नसराई निभावली त्यावर. आषाढ-श्रावणात पत्रिकांचं काम नसतं, त्यामुळे त्या फोल्डरला कोणी हात लावला नाही. आता तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांच्या ऑर्डरी यायला लागल्यात आणि फोल्डर उघडतच नाही. पिंग (एका मशीनने दुसऱ्याला नेटवर्कवरून मारलेली हाक) दोन्हीकडून जातं. वर्कग्रुपचं नाव एकच आहे. केबल बदलून पाहिली.

दुसरी अडचण प्रिंटरची. तो नव्या मशीनवरून शेअर केलाय, पण एक्सपी ड्रायव्हर मागतं आणि कुठलाच घेत नाही.

सध्या पेनड्राइव्हने ने-आण चाललीय, पण त्याची मला खरंच भीती वाटते. मुलीकडच्यांचा फोन येतो, मुहूर्त १२ वाजून ३५ऐवजी १२ वाजून ५३ करा. दुरुस्ती होते एक्सपीवर आणि छपाईला जाते नव्या मशीनवरची प्रत. एकाच पत्रिकेच्या दोन प्रती दोन ठिकाणी असणं आमच्या धंद्यात परवडत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

वायरमन_कोल्हापूर

ताई, नाव टाकून नको, एक्सपीचा आयपी पत्ता टाकून उघडून बघा आणि जो संदेश येईल तो इथे लिहा. पिंग जातंय म्हणजे केबल आणि स्विच ठीक आहेत.

छापखानेवाली

आयपीने उघडलं. संदेशाचा अर्थ असा, की हे शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी१ हा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो, म्हणून जोडता येत नाही.

जुनी_मशीनं

मग रोग कळला. विंडोजची मशीनं एकमेकांशी फाइल आणि प्रिंटरबद्दल ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आली व्हिस्टाबरोबर, तिसरी विंडोज ८बरोबर. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभरची मशीनं कुलूपबंद केली. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बसवणं बंद होत गेलं.

तुमचं मध्येच बंद का पडलं तेही सांगतो. विंडोज फीचर्समध्ये 'एसएमबी १.० / सीआयएफएस' या खुणेखाली तीन उपखुणा आहेत: क्लायंट (दुसऱ्या मशीनचं फोल्डर उघडणारा), सर्व्हर (आपलं फोल्डर दुसऱ्यांना देणारा) आणि ऑटोमॅटिक रिमूव्हल (आपोआप काढून टाकणं). वरच्या चौकोनावर टिक केली की तिन्ही लागतात. तिसरीचं काम असं, की एसएमबी१ एकूण १५ दिवस वापरलं गेलं नाही तर ते स्वतःहून काढून टाकायचं. मशीन बंद असलेला वेळ त्यात धरत नाहीत. तुमचं नवीन मशीन बिलांसाठी रोज सुरू होतं, जुन्या फोल्डरला मात्र कोणी विचारलं नाही. मोजणी श्रावणातच पूर्ण झाली असणार.

आजचं काम अडू नये म्हणून फक्त क्लायंट सुरू करा. सर्व्हर आणि ऑटोमॅटिक रिमूव्हलच्या टिक काढा, रीस्टार्ट करा, फोल्डर उघडेल. पण हे कायमचं ठेवू नका असं मी कळकळीने सांगतो. बिलं, बँक, गिऱ्हाइकांचे फोटो आणि फोन नंबर ज्या मशीनवर आहेत, त्याला या जुन्या भाषेत बोलायची सवय ठेवायची नाही.

कायमचा उपाय म्हणजे मध्ये एक दुभाषा बसवा. घरात पडलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (लिनक्सला एसएमबी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर). सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ला 'एनटी१' (एसएमबी१चंच सांबातलं नाव) लिहिलं की एक्सपी त्याच्याशी जुन्या भाषेत बोलतं आणि विंडोज ११ त्याच फोल्डरशी एसएमबी३ने. २०१९च्या सांबा ४.११पासून एनटी१ मुळात बंद असतं, म्हणून ही ओळ लिहावीच लागते. पत्रिकेची फाइल एकाच जागी राहते, मुहूर्त दुरुस्त झाला की दोघांनाही तोच दिसतो.

दोन गोष्टींवर माणसं हमखास अडकतात. पहिली पासवर्डची. फोल्डर 'कोणालाही खुलं' ठेवू नका. विंडोज ११ प्रो बिनापासवर्डच्या पाहुण्याला उभं करत नाही. सांबावर एक युजर करा, पासवर्ड द्या. दुसरी एक्सपीची. ते मूळ सेटिंगमध्ये पासवर्डाचं उत्तर जुन्या पद्धतीने पाठवतं आणि नवीन सांबा ते नाकारतं. मग पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' म्हणून परत येतो आणि माणूस दिवसभर पासवर्डच बदलत बसतो. एक्सपी प्रोमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' शोधा आणि फक्त एनटीएलएम व्ही२ (पासवर्डाचं उत्तर देण्याची नवी पद्धत) पाठवायला सांगा.

आणि एक्सपीला इंटरनेट देऊ नका. आयपी हाताने भरा आणि डिफॉल्ट गेटवेचा रकाना कोरा सोडा. ऑफिसातल्या मशीनशी बोलेल, बाहेर जाणार नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, पण वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही खास पॅच काढला होता. तो बसवलेला आहे का ते बघा.

वायरमन_कोल्हापूर

प्रिंटरचं मी सांगतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि तुमचं एक्सपी बहुधा ३२ बिटचं. त्यामुळे शेअर केलेल्या प्रिंटरचा नव्या मशीनवरचा ड्रायव्हर एक्सपीच्या उपयोगाचा नाही. ती वाट सोडा. प्रिंटरच्या मागे लॅन पोर्ट आहे का? ए३ मशीनला बहुतेक असतो, कधीकधी त्यावर प्लास्टिकचं झाकण किंवा स्टिकर असतं.

छापखानेवाली

आहे! यूएसबीच्या शेजारीच, राखाडी झाकणाखाली. आजवर कोणी उघडलंच नव्हतं. प्रिंटरच्या माहितीपत्रकात पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या दोन्ही भाषा लिहिल्यात.

वायरमन_कोल्हापूर

मग शेअरिंगची गरजच नाही. प्रिंटर थेट स्विचला जोडा, त्याला पक्का आयपी द्या. एक्सपीवर 'अॅड प्रिंटर', मग 'लोकल प्रिंटर' निवडा (नेटवर्क प्रिंटर नव्हे), नवीन पोर्टमध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी', त्यात तो आयपी, रॉ, पोर्ट ९१००. प्रिंटरचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर एक्सपीच्या स्वतःच्या यादीतला एखादा जुना पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटर निवडा. त्यात ए३ आणि ट्रे निवडायची सोय असेलच असं नाही, पण अक्षरं नीट उतरतात. नवीन मशीनही त्याच आयपीवर जोडा. एकमेकांवाचून दोघांचं काम चालेल.

लॅन पोर्ट नसलेल्यांसाठी: विंडोज फीचर्समधली एलपीडी प्रिंट सर्व्हिस (नेटवर्कवरून छापायची जुनी पद्धत) नव्या मशीनवर सुरू करा आणि एक्सपीवर 'प्रिंट सर्व्हिसेस फॉर युनिक्स' बसवून एलपीआर पोर्ट करा. यात एसएमबी कुठेच येत नाही. मात्र प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजत नसेल आणि एक्सपीचा ड्रायव्हरही नसेल, तर हे दोन्ही मार्ग बंद.

छापखानेवाली

दोघांचेही मनापासून आभार. प्रिंटर लॅनवर आला, एक्सपीवरून आज पावतीपुस्तकाचं पान काढलं, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर सांबा बसवून दिला. पासवर्ड नाकारण्याची अडचण जशी लिहिली होती तशीच आली आणि त्याच सेटिंगने सुटली. नव्या मशीनवरचं एसएमबी१ बंद केलंय.

आता एकच काळजी. एक्सपीचा मदरबोर्ड गेला तर डोंगल लावायला जागा राहणार नाही. यूएसबी ते पॅरलल केबल मिळते, ती चालेल का?

जुनी_मशीनं

त्या केबल बहुतेक फक्त प्रिंटरपुरत्या असतात, डोंगल त्यांवर सहसा ओळखलं जात नाही. पॅरलल पोर्टवालं एखादं जुनं मशीन चालू अवस्थेत मिळालं तर घेऊन ठेवा. आणि जोवर सध्याचं चालतंय तोवर महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवा. पेजमेकरच्या प्रिंट खिडकीत 'ऑप्शन्स'मध्ये पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे, तिथेच फॉन्ट सोबत घ्यायला सांगा. ती फाइल सांबाच्या फोल्डरात टाका आणि लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफच्या आतच राहतात, त्यामुळे नव्या मशीनवर ते सॉफ्टवेअर नसतानाही मजकूर मराठीतच दिसतो आणि छापता येतो. मजकूर बदलता मात्र येणार नाही. फाइलींची नावं इंग्रजीत आणि तारखेसह ठेवा. सुरुवात पतसंस्थांच्या अहवालांपासून करा, ते दरवर्षी परत मागितले जातात.