कानोसा, कद्दालिके आणि वळचण

कन्नड शाळेत शिकणाऱ्या भाचीनं परवा विचारलं, "मामा, कद्दालिकेला मराठीत काय म्हणायचं?" कद्दालिके म्हणजे दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं. मी पटकन 'कानोसा' म्हणालो. ते उत्तर चुकलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कानोसा घेण्यात चोरी नसते. खानापूरकडं आमच्या घरी जूनमधल्या पावसात लाईट गेली की आई दाराशी उभी राहून कानोसा घ्यायची. ओढ्याचं पाणी वाढलंय का, गोठ्यात म्हैस का धडपडतेय, शेवटची गाडी फाट्यावर थांबली का. डोळ्यांना दिसत नाही म्हणून कानानं अंदाज घ्यायचा, हा या शब्दाचा गाभा. घरात शिरण्याआधी चोर कानोसा घेतो, तसा जागा झालेला घरधनीही घेतो. शब्दात 'कान' उघडच आहे (संस्कृत कर्ण, प्राकृत कण्ण, मराठी कान). 'कानवसा' असंही रूप आढळतं. 'अव'चा 'ओ' होणं आपल्याकडं जुनंच आहे, लवणाचं लोण झालं तसं.

कद्दालिके मात्र थेट चोरीचा शब्द आहे. कद्दु म्हणजे चोरून, आलिके म्हणजे ऐकणं. लोपसंधीनं मधला उकार गेला. बेळगावात कन्नड पेपर वाचणाऱ्यांना तो फोन टॅपिंगच्या बातम्यांमुळं ठाऊक असतो. ऑगस्ट १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांनी कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडलं, ते याच कद्दालिकेच्या प्रकरणात. तिथं कोणी 'फोनचा कानोसा' लिहिलं तर आरोपाची धारच जाईल.

इंग्रजीतला 'ईव्ह्‌सड्रॉप' मला आमच्या कौलारू घरांमुळं जास्त जवळचा वाटतो. ईव्ह्‌स म्हणजे वळचण. वळचणीच्या पागोळ्या जिथं गळतात ती जागा म्हणजे ईव्ह्‌सड्रॉप. तिथं भिंतीला लागून उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्‌सड्रॉपर. इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता आणि १९६७ च्या कायद्यानं तो रद्द झाला. वळचण आणि पागोळी हे दोन्ही शब्द आपल्याकडं असून आपण त्यातून असा शब्द घडवला नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

निपाणीकडच्या एकानं विचारलं: आमच्याकडं आम्ही 'आडून ऐकणं' म्हणतो. ते चालेल का?

चालेल, आणि छानही आहे. पण त्यात लपणं येतं, चोरी येत नाही. दाराआड उभी राहिलेली पोर आडून ऐकते. दुसऱ्याच्या फोनला गुपचूप तार जोडणारा चोरून ऐकतो. कद्दालिकेला मी 'चोरून ऐकणं' हेच धरीन, दोन शब्द झाले तरी.

भाचीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कद्दु केळोदु. मग मराठीतही तेच की, मामा!"