खांद्याच्या बशीचा ‘रोख’

विचारणा
खांद्याचा सांधा बदलायचा आहे अशा रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. सीटी स्कॅनवरून ‘ग्लेनॉइड व्हर्जन’ आणि ‘इन्क्लिनेशन’ मोजतात, असं त्यात आहे. ग्लेनॉइड म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा जिथे टेकतो ती खोलगट जागा. ती मागे वळलेली असण्याला मी ‘अंस-उलूखलाची पश्चवृत्ती’ लिहून आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, “वृत्ती कुणाची बिघडलीय?” साधे शब्द सुचवा.

प्रतिसाद
उलूखल म्हणजे आपलं उखळच. सुश्रुताने शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात काख, जांघ आणि दात यांचे सांधे उलूखल प्रकारात येतात. शाळेतला ‘उखळीचा सांधा’ त्याच घराण्यातला. तेव्हा बिनधास्त ‘उखळ’ लिहा. ही जागा ज्या हाडावर असते, त्या खांद्यामागच्या पसरट हाडाला ‘अंसफलक’ मात्र नको. सुश्रुताकडे ते मर्माचं नाव आहे, पण आज फलक म्हटलं की दुकानाची पाटी डोळ्यांपुढे येते. ‘खवाटा’ लिहा, खवाटे सगळ्यांचेच दुखतात.

प्रतिसाद
मी सीटी विभागात काम करतो, उखळाला माझी हरकत आहे. खुब्यात ते शोभतं, तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खरंच खोल बसतो. दंडाच्या हाडाचा गोळा नुसता उथळ बशीला टेकलेला असतो. एका वेळी त्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग बशीला लागतो. खांदा चहूकडे फिरतो तो त्यामुळे, आणि निखळतोही त्यामुळेच. ‘बशी’ म्हणा. ‘वाटी’ नको, ती गुडघ्याने आधीच घेतलीय.

आता व्हर्जन. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘वळणे’. बशीचं तोंड पुढे वळलंय की मागे, हा त्याचा विषय. इन्क्लिनेशन म्हणजे ते वर आहे की खाली. दोन्हींना ‘कल’ लिहिलंत तर घोटाळा होईल. सहसा बशीचं तोंड काही अंशच मागे असतं. झिजेच्या संधिवातात अनेकदा मागची कड जास्त झिजते आणि कोन वाढतो. तो न ओळखता कृत्रिम बशी बसवली तर ती लवकर सैल होण्याची भीती.

पण मागे म्हणजे कशाच्या मागे? १९९२ साली फ्रीडमन आणि सहकारी या संशोधकांनी स्कॅनच्या आडव्या कापावर (स्लाइसवर) मोजायची रीत दिली. खवाट्याच्या आतल्या टोकापासून बशीच्या मध्यापर्यंत एक रेघ काढायची, तिला काटकोनात दुसरी, आणि बशीच्या पुढच्या-मागच्या कडा जोडणारी रेघ या दुसरीपासून किती ढळली ते बघायचं. गोम अशी की काप पडतो यंत्राच्या हिशेबाने, आणि खवाटा तर बरगड्यांवर तिरका बसलेला. रुग्ण जरा वाकडा झोपला की तोच खांदा वेगळे अंश दाखवतो. म्हणून हल्ली त्रिमितीत बशीचा मध्य, खवाट्याचं खालचं टोक आणि त्याच्या पाठीवरचा आडवा उंचवटा आतल्या कडेला जिथे मिळतो ती जागा, असे तीन बिंदू धरून खवाट्याची स्वतःची पातळी ठरवतात. खालचं टोक स्कॅनमध्ये सुटलं तर ही पातळी ठरवणार कशी? ‘दुखतंय वर, फोटो इतक्या खालपर्यंत कशाला?’ असं रुग्ण विचारतात, तेवढं पत्रकात जरूर घाला.

विचारणा करणारी
मग व्हर्जनला ‘रोख’ चालेल? बोलण्याचा रोख म्हणतो तसा. ‘बशीचा रोख १८ अंश मागे’, आणि इन्क्लिनेशनला ‘कल’.

प्रतिसाद
झकास. फारसी रुख म्हणजे चेहरा, तेव्हा तोंड कुठे आहे हेच त्यात आलं. फक्त ‘रोख मोजतात’ लिहू नका, लोक पाकीट काढतील. ‘रोख किती अंश आहे ते पाहतात’ असं करा.

प्रतिसाद
एक अडचण. फ्रान्सच्या दिजाँमध्ये शल्यविशारद पॉल ग्रामों यांनी १९८५ साली जो उलटा कृत्रिम सांधा आणला, त्यात गोळा खवाट्यावर बसतो आणि खोलगट भाग दंडाच्या हाडावर. त्या रुग्णाने नुसतं ‘बशी’ वाचलं तर कुठली समजायची?

विचारणा करणारी
खरंय. सगळीकडे ‘खवाट्याची बशी’ असं पूर्ण लिहिते. आता शेवटचा अडलेला शब्द ‘स्लाइस’. ‘काप’ वाचून आईला वांग्याचे आठवले, आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, “आधीच कापतात?”

प्रतिसाद (सीटीवाला)
‘पातळ थरांचे फोटो’ लिहा. या कामासाठी थर मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ घेतात.