जुन्या व्ही-८ फोर बाय फोरला सिंगल एक्झॉस्टच (धूर बाहेर नेणारा एकच पाईप) ठेवू की डुअल (दोन बाजूंना दोन वेगळे) करून टाकू?

धुरकट (धागाकर्ता):
गाडी जुनी आहे, ५ लिटरचं व्ही-८ (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा), कार्ब्युरेटरवालं, मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून पाईपात सोडणारा भाग) ओरिजिनल ओतीव, मोठं मॉडिफिकेशन काहीच नाही. सध्या दोन्ही बाजूचे पाईप गिअरबॉक्सखाली येऊन वाय मध्ये जुळतात आणि पुढे एकच सव्वादोन इंची पाईप, मग सायलेन्सर, मग मागच्या ॲक्सलवरून बाहेर. सायलेन्सर खालून पार सडलाय, बोट घातलं तर आत जातंय, म्हणजे बदलायचा आहेच. तर म्हटलं गाडी उचलून वेल्डिंग करायचंच आहे तर डुअल करून मोकळं व्हावं का? चढाला गाडी कोंडल्यासारखी वाटते आणि ३००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर तर दमच लागतो तिला. वापर म्हणाल तर दगडधोंडे, चिखल, ओढे, बहुतेक सगळं लो रेंजमध्ये (वेग कमी, ओढ जास्त देणारे गिअर), हायवे नावापुरता. मित्रांना विचारून झालं, निम्मे एकीकडे निम्मे दुसरीकडे आणि सगळे छातीठोक.

टॉर्कगडी:
सिंगल. विषय संपला. तुला खालचा टॉर्क हवाय, दगडावर चाक चढवताना १५०० आरपीएमला जी ओढ लागते ती. डुअल केलंस की बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला अडवणारा दाब) गेलं आणि बॅक प्रेशर गेलं की टॉर्क गेला. मग बस क्लच जाळत.

व्ही८_वेडा:
आलं का परत ते बॅक प्रेशर! अरे इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जितके कष्ट कमी तितकं बरंच ना, नाक दाबून पळल्याने कुणाचा दम वाढलाय का? टॉर्क कमी होतो तो पाईप गरजेपेक्षा जाड झाला की. जाड पाईपमध्ये धुराचा वेग पडतो, एका सिलिंडरचा धूर जाताना मागच्याला जो ओढून नेतो ती ओढ राहत नाही. तो दोष जाडीचा, दोन पाईपांचा नाही. आणि व्ही-८ चा खरा आवाज ऐकायचा तर डुअलच लागतो, हे पण सांगून ठेवतो.

टॉर्कगडी:
आवाजासाठी करतोय हे एकदा कबूल कर, मग माझं काही म्हणणं नाही 😄

पाना_पक्कड:
दोघांचं भांडण आकड्यांवर आणतो. बाहेरचा व्यास धरला तर अडीच इंची एका पाईपचं क्षेत्रफळ साधारण ४.९ चौरस इंच, तीन इंचीचं ७.१, सव्वादोन इंची दोन पाईपांचं मिळून ८ च्या आसपास आणि अडीच इंची दोन घातले तर ९.८. आता जुना ठोकताळा असा की एका एचपीला साधारण २.२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) धूर बाहेर काढायचा आणि सरळ पाईपचा एक चौरस इंच ११५ सीएफएम सोडतो. म्हणजे १५० एचपीला ३३० सीएफएम, भागाकार केला तर तीन चौरस इंचांपेक्षा कमीच लागतं. असलं स्टॉक जुनं ५ लिटर त्याच घरातलं. पाईपची जाडी वजा केली, वळणं आणि सायलेन्सरचा अडथळा धरला तरी अडीच इंची सिंगलमध्ये ते आरामात बसतं. वळणं मात्र मँड्रेलवर (पाईपाच्या आत आधार घालून) वाकवलेली घे, चेपून वाकवलेला पाईप वळणाला चपटा होतो आणि मग अडीच इंचाचे दोन कधी झाले कळत पण नाही.

व्ही८_वेडा:
आकडे मान्य. पण तो उद्या हेडर (ओतीव मॅनिफोल्डऐवजी सुट्या नळ्यांचं) लावेल, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलेल, चार बॅरलचा मोठा कार्ब्युरेटर बसवेल, मग २५०-३०० एचपीला तीन इंची सिंगल लागेल आणि तो तीन इंची पाईप ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि चासीच्या मधून नेणार कसा? क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) खालून न्यायचा म्हणजे पहिल्याच दगडाला बसणार. त्यापेक्षा सव्वादोनचे दोन पाईप चासीच्या दोन्ही बाजूंना वर चिकटून जातात, खाली लोंबत काहीच नाही. हे ऑफ-रोडवालेच विसरतात आणि मला शिकवतात.

चिखलमामा:
वर चिकटून जातात हे कागदावर रे बाबा. मी केलंय डुअल, आणि काढलंय पण. एका बाजूला पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट फिरतो, दुसऱ्या बाजूला क्लचचं लिंकेज, स्टार्टर आणि पेट्रोलची लाईन. माझा डावा पाईप पेट्रोल लाईनपासून जेमतेम दोन बोटं होता, उन्हात लो रेंजमध्ये चढलो की लाईनमध्येच वाफ धरायची आणि गाडी चढावरच बंद. मागे तर शॉकॲब्सॉर्बर, पाटे, टाकी, जागाच नाही म्हणून वेल्डिंगवाल्याने दोन्ही पाईप ॲक्सलच्या अलीकडेच कापून सोडले. दिसायला झकास! पण कॅनव्हासची गाडी, मागची बाजू उघडी, हळू चालताना सगळा धूर आत ओढला जायचा. तासाभरात माझं डोकं दुखायला लागलं आणि मागे बसलेल्या पोराला मळमळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो त्यामुळे आधी वाटलं उन्हाने होतंय. सिंगल असो की डुअल, पाईपचं तोंड गाडीच्या बॉडीबाहेर गेलंच पाहिजे, ह्यात तडजोड नाही.

सहासरळ:
व्ही-८ वाल्यांच्या भांडणात नाक खुपसतो. आमच्या सरळ सहामध्ये मॅनिफोल्ड पुढचे तीन आणि मागचे तीन असं तोडलं तर दोन्ही पाईपांना क्रँकच्या बरोबर २४० अंशांवर ठोके (सिलिंडरचे स्फोट) येतात, एकदम समान. तुमच्या व्ही-८ चं काय?

पाना_पक्कड:
तिथेच तर गोम आहे. क्रॉस-प्लेन क्रँकच्या (टोकाकडून बघितलं तर फुलीसारखा दिसणारा क्रँक) व्ही-८ मध्ये एकूण ठोके दर ९० अंशांना, पण एकेक बाजू वेगळी काढली तर ते असमान पडतात. १-८-४-३-६-५-७-२ हा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) घे, विषम नंबरच्या (१, ३, ५, ७) बाजूला अंतरं २७०, १८०, ९०, १८० अशी येतात. ५ आणि ७ लागोपाठ एकाच पाईपात धूर टाकतात आणि एकमेकांना अडवतात. म्हणून डुअल करायचंच तर मध्ये दोन्ही पाईप एकमेकांना जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा जोड हवा. आणि गंमत बघा, सिंगलचा वाय हा एका अर्थाने तो जोडच आहे, दोन्ही बाजू एकत्र येतातच.

बरं धुरकट, मुख्य प्रश्न राहिला. ३००० ला कोंडते म्हणतोस, तर मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर व्हॉल्व्ह आहे का बघ, एकाच बाजूला असतो, बाहेर वजनाचं छोटं वाटोळं आणि स्प्रिंग. इंजिन थंड असताना तो एका बाजूचा धूर अडवून इनटेकखालच्या (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या मॅनिफोल्डखालच्या) बोळातून दुसऱ्या बाजूला पाठवतो, कार्बचा तळ गरम व्हावा म्हणून. गंजून बंद अवस्थेत अडकला तर चार सिलिंडरचा धूर कायम त्या बोळातूनच जातो. वर डुअल केलंस तर एका पाईपातून भसाभस आणि दुसऱ्यातून फुंकर.

व्ही८_वेडा:
हे बाकी खरं. व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ दाखवणारा काटा) लावून २५०० वर धरून ठेव, काटा हळूहळू खाली सरकत गेला तर पुढे कुठेतरी चोंदलंय.

टॉर्कगडी:
म्हणजे सिंगल 😎

व्ही८_वेडा:
म्हणजे आधी व्हॉल्व्ह. सिंगल कर असं म्हटलं नाही मी.

धुरकट:
आज खाली झोपून बघितलं. व्हॉल्व्ह उजव्या मॅनिफोल्डखाली, वाटोळं हाताने हलेचना, गंजाचा थर पापुद्र्यासारखा निघत होता. तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडीने शाफ्टला दोन्ही टोकांनी हलके टोले दिले, पाचव्या-सहाव्या टोल्याला करकर करत फिरला. मग तसाच सडका सायलेन्सर घेऊन चढावर नेली तर ३५०० पर्यंत गेली की हो! सायलेन्सरला भोक आहे म्हणून असेल असंही वाटलं, पण भोक तर महिन्याभरापासून आहे. आता अडीच इंची मँड्रेलवाला सिंगल करतोय, वाय पण नवीन, तोंड मागच्या बंपरच्या बाहेर.

व्ही८_वेडा:
हेडर घेशील तेव्हा बोलूच. तोवर आवाजाचा व्हिडिओ टाक.

चिखलमामा:
आणि सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक पाड, पाणी साठून परत सडायला नको.