पार्किंगच्या जागेवरचा कर: मालकांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा त्यांच्यासाठी ज्यांच्या नावावर शहराच्या मध्यभागी पार्किंगची जागा आहे, मग ती सुटी असो नाहीतर ऑफिसबरोबर आलेली. काही शहरांत या जागेवर दरवर्षी वेगळा कर बसतो, म्हणजे मालमत्ता कर भरायचा तो भरायचाच आणि वर हा. बातम्यांत येतं ते गर्दी कमी झाली का, ट्रामला पैसे मिळाले का एवढंच, मालकाचं काय होतं ते कुणी लिहीत नाही. तर तुमच्याकडे हे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात ते सांगा. तत्त्वज्ञान नको, हिशोब हवा.

मेलबर्नकर:
आमच्याकडे याला कंजेशन लेव्ही, म्हणजे गर्दीवरचा कर, म्हणतात, २००६ पासून आहे. आम्ही दोघांनी सीबीडीत, म्हणजे शहराच्या मधल्या ऑफिस-बाजाराच्या भागात, नुसती कार स्पेस घेतली, स्वतंत्र टायटलची, म्हटलं फ्लॅटची कटकट नको, जागेचा नळ गळत नाही की गीझर बंद पडत नाही. ऑफिसला येणाऱ्या एका माणसाला वर्षाच्या कराराने दिली. कौन्सिल रेट्स (आपला मालमत्ता कर), ओनर्स कॉर्पोरेशनची (म्हणजे बिल्डिंगच्या सोसायटीची) फी, लेव्ही, सगळं धरूनच घेतली होती, पण २०२६ पासून आतल्या भागाचा दर जागेमागे १७५० डॉलरवरून थेट ३०३० वर गेला. भाडेकरूला म्हटलं थोडं वाढवूया, तो म्हणाला मग मी ट्रेननेच येतो. आता त्याला काय बोलणार, लोकांनी ट्रेनने यावं म्हणूनच तर लेव्ही आणलीय! पण त्याने ट्रेन धरली तरी रेट्स आणि फी मलाच भरायचीय. आणि विकायला काढावी तर घेणारा पहिलं हेच विचारतो की लेव्ही किती, नि ती दरवर्षी जाणार म्हणून भाव पाडून मागतो. म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचा कर मी आजच भरल्यासारखं झालं की.

फ्लॅटवाली:
अहो मेलबर्नकर, घाबरवू नका, माझी जागा फ्लॅटखालचीच आहे, मलाही लागतो का हा?

मेलबर्नकर:
नाही हो ताई, राहणाऱ्या माणसाने आपलीच गाडी लावली तर सूट आहे. भानगड होते ती पार्किंगच्या अ‍ॅपवरून बाहेरच्याला भाड्याने दिली की. शेजारच्या बिल्डिंगमधल्या ऑफिसवाल्याला दिलीत तर ती जागा 'रहिवाशाची' राहत नाही, तेव्हा चार पैसे मिळतील म्हणून देण्याआधी लेव्ही वजा करून बघा.

सिडनीची भाडेकरारवाली:
मी कमर्शियल भाडेकरारांचं काम बघते म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या. इथे हा कर १९९२ पासून आहे, सुरुवातीला जागेमागे २०० डॉलर होता, आता त्याच्या कितीतरी पट आहे. कायद्याने जबाबदार कोण तर मालक. पण खरा निकाल लागतो भाडेकरारात. नेट लीज असेल तर लेव्ही आउटगोइंग्जमध्ये, म्हणजे इमारतीच्या चालू खर्चात, टाकून भाडेकरूकडून वसूल होते, ग्रॉस लीज असेल तर मालकाने गिळायची. एवढंच असतं तर सोपं होतं, पण नेट लीजवाले मालकही उगाच खूश असतात असं माझं मत आहे, कारण भाडेकरू काही वेडा नाही, तो भाडं अधिक आउटगोइंग्ज असा एकूण आकडा बघतो आणि रिन्यूअलच्या वेळी मूळ भाड्यातून तेवढं कापून घेतो. लेव्ही आज त्याची, पाच वर्षांनी तुमची. त्यात ऑफिसं ओस पडली की घासाघीस त्याच्या हातात. छोट्या स्ट्राटातल्या, म्हणजे अनेक मालकांच्या सोसायटीतल्या, मालकाचे तर हालच, कारण त्याच्या दोन जागा नि एकच भाडेकरू, मोठ्या टॉवरवाल्यासारखं इकडचं तिकडे फिरवायला काही नसतं. एक मात्र सांगते, पॅरामाटा, चॅट्सवूडसारख्या दुसऱ्या, म्हणजे कमी दराच्या, कॅटेगरीच्या भागात दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठीच्या जागांना सवलत मिळते, पण रेकॉर्ड ठेवावं लागतं, आणि इथेच लोक आळस करतात.

नॉटिंगहॅमचा जमीनदार (नावालाच):
आमच्याकडे उलटं आहे, २०१२ पासून कर बसतो तो मालकावर नाही, नोकरी देणाऱ्या कंपनीवर. वर्कप्लेस पार्किंग लेव्ही. पहिल्या वर्षी जागेमागे २८८ पौंड होता. दहा किंवा कमी जागा असतील तर पूर्ण माफ, अकरावी आली की सगळ्या अकरा जागांवर. आता सांगा काय होणार? माझ्या भाडेकरूने अकरातली एक जागा घेणारच नाही म्हणून सांगितलं, दोन ठोकळे टाकून ती बंद करून टाकली, आणि भाड्यात त्या जागेचे पैसे का देऊ म्हणून वाद घातला तो वेगळाच. म्हणजे बिल कंपनीच्या नावाने येतं, भाडं माझं कमी होतं. पण खोटं कशाला बोलू, त्याच पैशातून ट्राम बीस्टन आणि क्लिफ्टन या बाहेरच्या भागांपर्यंत आली, २०१५ मध्ये, नि माझी दुसरी एक प्रॉपर्टी त्या लाइनवर आहे तिला भाडेकरू पटकन मिळतो. ज्यांची जागा ट्रामपासून लांब आहे त्यांनी मात्र माझं ऐकू नये, त्यांना नुसतं बिल.

पर्थवाला:
इथे १९९९ चा कायदा आहे, ऑफिस-दुकानांच्या बेजना, म्हणजे पार्किंगच्या जागांना, लायसन्स लागतं, त्याचे पैसे शहराच्या मध्यभागी फिरणाऱ्या फुकटच्या कॅट बसला जातात. आम्ही सरळ काही बेज लायसन्समधून काढल्या, तिथे सायकल स्टँड नि सामानाची जागा केली, भाडेकरू खूश. सगळ्यांना जमेलच असं नाही.

माँट्रियलहून:
२०१० पासून डाउनटाउनमध्ये पार्किंगवर कर आहे, तो चौरस मीटरवर, आणि उघड्या प्लॉटला दर जास्त, इमारतीतल्या पार्किंगला कमी. आमच्या ओळखीत एकाने मोकळा प्लॉट 'कधीतरी बांधू' म्हणून गाड्या लावायला ठेवला होता. कराने त्याचं ते 'कधीतरी' लवकर आणलं, बिल्डरशी बोलणी सुरू केली. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते.

व्हँकुव्हरचा जुना माणूस:
तुमचे कर राहिले तरी, आमचा गेला! २००६ मध्ये आणला, २००७ नंतर रद्द. तोही क्षेत्रफळावर होता आणि सगळ्या महानगरात, नुसता डाउनटाउनला नाही. त्यामुळे उपनगरातल्या मॉलवाल्यांपासून चर्चपर्यंत सगळे पेटले. मी तेव्हा एका छोट्या दुकान-रांगेचा हिशोब सांभाळायचो, आमचा सगळा वेळ मोजमापात जायचा, की गाडी वळवायची जागा धरायची का, मागची माल उतरवायची जागा पार्किंग की नाही. ज्या उपनगरात बसच धड येत नाही तिथे पार्किंगवर कर लावलात तर माणूस गाडी सोडणार कसा? कर रद्द झाला, भाडं मात्र कुणी कमी केलं नाही, हे मालकांनीही कबूल करावं.

मेलबर्नकर:
पर्थवाले, ती सामानाच्या जागेची आयडिया आवडली. कार स्पेसवर जाळीची स्टोरेज केज बसवायला ओनर्स कॉर्पोरेशनची परवानगी लागते, फायर सेफ्टीचंही बघावं लागतं, अर्ज टाकलाय. गाडी लावण्यासाठी राहिलीच नाही तर लेव्ही कशावर, असा माझा मुद्दा आहे. काय उत्तर येतं ते इथेच लिहितो.