फायनल फँटसी २ : सेमिट फॉल्समध्ये अडकलोय, मदत हवी आहे

टिचकी_मास्टर

मंडळी, फायनल फँटसी या व्हिडिओ गेमचा पहिला भाग संपवला. फोनवर, पिक्सेल रिमास्टर (जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती), बराचसा लोकलमध्ये उभ्याने. तो आवडला, कारण त्यात भानगड नव्हती. सहा प्रकारांतले चार गडी निवडा, गार्लंड या खलनायकाला लोळवा, राजा पूल बांधून देतो, पुढे पैसे साठवून एल्फहाइम गावात मिथ्रिल धातूची तलवार घ्या. कुठे अडलं तर अर्धा तास गावाबाहेर फिरून लेव्हल वाढवायची, की झालं.

दुसऱ्या भागात लेव्हल हा प्रकारच नाही! सालामांड गावाहून सेमिट फॉल्सच्या गुहेत मिथ्रिल आणायला गेलो, तर खाली पोचेपर्यंत हीरो फिरियनचा जीव (एचपी) निम्म्यावर आणि त्याचा साथीदार गाय (Guy) याचं मंत्रांसाठी लागणारं बळ, म्हणजे एमपी, संपलेलं. तिसरी साथीदार मारिया मागच्या रांगेत धनुष्य घेऊन उभी असते. तिचं एचपी जवळजवळ होतं तिथेच आहे, त्यामुळे कुणी तिच्यावर मंत्र टाकला की ती आडवी. तिघांनाही दुकानातलं सगळ्यात जाड चिलखत घातलंय, तरी ही गत.

एका जुन्या गाइडमध्ये लिहिलंय की लढाईत हल्ला निवडायचा, रद्द करायचा, परत निवडायचा, त्यानेही कौशल्य वाढतं. माझ्याकडे काहीच वाढत नाही.

शिवाय न्यू जर्सीत वाढलेला माझा चुलतभाऊ शपथेवर सांगतो की दोनमध्ये हीरो सेसिल नावाचा काळा सरदार आहे आणि फिरियन कोण ते त्याला माहीतच नाही. मी भलताच गेम विकत घेतलाय का? की हा सोडून सरळ तीन सुरू करू?

खडूस_मांत्रिक

आधी चिलखत काढा. थट्टा नाही. या भागात जड चिलखताने चकवा देण्याची टक्केवारी घसरते, आणि चपळाई वाढणार की नाही हे त्याच टक्केवारीवर ठरतं. म्हणजे आज जाड पत्रा घातलात की उद्याही मारच खाणार. वर जड सामानाने मंत्रांची धार बोथट होते ती वेगळीच. हलके कपडे घाला आणि समोर उभा राहून लढणाऱ्याच्या एका हातात ढाल द्या. ढालीचंही कौशल्य वाढतं. सुरुवातीला फरक दिसणार नाही, पण थोड्या लढायांनी शत्रूचे वार हवेत जायला लागले की मजा येते.

बाकी हिशेब सोपा आहे. जे कराल ते वाढेल. तलवार चालवली तर तलवार, मंत्र टाकला तर तो मंत्र, मार खाल्ला तर एचपी, एमपी खर्चलं तर एमपी. हत्यारं आणि मंत्र १६ पर्यंत चढतात. मारिया मागे उभी राहून मार चुकवते, म्हणून तिचं एचपी रखडलंय. अल्टेअर या सुरुवातीच्या गावाच्या आसपासच्या किरकोळ राक्षसांसमोर तिला पुढच्या रांगेत आणा आणि खाऊ द्या मार. काही जण आपल्याच माणसावर वार करून एचपी वाढवतात. नियमात बसतं, पण मला ते बघवत नाही.

मंत्र सगळ्यांना सगळे शिकवत बसू नका. एकाला क्युअर (जखमा भरणारा), एकाला फायर (आगीचा) आणि ब्लिझर्ड (बर्फाचा), आणि तेच सतत वापरायचे. मंत्राची पातळी चढते तसा त्याचा खर्चही चढतो. तुमचं एमपी संपतंय कारण ते आत्तापर्यंत राखून ठेवलंत. इथे राखलेलं वाढत नाही. सेमिट फॉल्समधला मोठा शत्रू सार्जंट, त्याच्यावरही मंत्रच टाका, त्याच्या चिलखतावर तलवार फारशी चालत नाही.

गाइडमधली युक्ती ही १९८८ च्या फॅमिकॉम (निन्टेंडोचं जुनं गेम-यंत्र) कॅसेटमधली चूक होती, तुमच्याकडे चालणार नाही. त्या कॅसेटमध्ये ताकद वाढताना बुद्धी घटायची, असलेही प्रकार होते. त्या मानाने तुम्ही सुखात आहात.

पिवळा_पक्षी

चुलतभाऊ खोटं बोलत नाहीये :) पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर १९८७ ला आला, अमेरिकेत १९९० मध्ये. तोवर जपानात दोन आणि तीनही येऊन गेले होते, पण ते दोन्ही अमेरिकेत काढलेच नाहीत. १९९१ मध्ये सुपर फॅमिकॉमवर चौथा आला, तो तिकडे 'फायनल फँटसी २' म्हणून विकला. सेसिल त्यातला. पाचवाही गाळला आणि १९९४ चा सहावा 'तीन' म्हणून खपवला. १९९७ मध्ये सातवा मात्र सात म्हणूनच आला, तेव्हा तिकडची मुलं मधले तीन शोधत बसली असणार. फिरियनचा खरा दुसरा भाग इंग्रजीत अधिकृतपणे आला तो २००३ मध्ये, प्लेस्टेशनवर. तिसरा तर २००६ मध्ये, तोही निन्टेंडोच्या डीएस या हातातल्या यंत्रासाठी नव्याने बनवलेला.

म्हणजे गेम बरोबर आहे तुमचा. भावाला चौथा मिळाला होता, आणि तो चांगला आहे.

रात्रपाळी

मी थोडं उलटं बोलतो. सोडलात तरी चालेल. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र आहे, तीनमध्ये दोनचं काहीही लागत नाही. दोनची गोष्ट चांगली आहे (पहिली लढाई हरण्यासाठीच असते, मधेच जोडीला आलेली माणसं खरोखर मरतात), पण गुहा म्हणजे छळ. दार उघडलं की तुम्ही रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे. पेटी नाही, माणूस नाही, आणि दारापर्यंत परत येताना दर दोन पावलांना लढाई. अशा खोल्या प्रत्येक गुहेत. हे ज्याला सुचलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. रिमास्टर अपडेट केला असेल तर सेटिंगमध्ये लढाया बंद करायची सोय आहे, रिकाम्या खोल्यांपुरती बिनधास्त वापरा.

तीनमध्ये पात्रांच्या नोकऱ्या, म्हणजे लढण्याचे प्रकार, बदलता येतात, ड्रॅगून, निंजा वगैरे, ते जास्त रंगतं.

खडूस_मांत्रिक

@रात्रपाळी, खोल्यांबद्दल शंभर टक्के. पण सोडा म्हणू नका हो. पुढे मालिकेची ओळख बनलेले चोकोबो पक्षी आणि सिड नावाचं पात्र, दोघंही पहिल्यांदा याच भागात दिसतात. आणि ही वाढीची पद्धत ज्या डिझायनर कावाझूंनी रचली, त्यांनी पुढे 'सागा' ही अख्खी मालिका याच वळणावर नेली. एवढा विचित्र प्रयोग दुसऱ्याच भागात करायला छाती लागते.

टिचकी_मास्टर

चिलखत उतरवलं, गायला ढाल दिली, मारिया पुढे. सार्जंट ब्लिझर्डने गेला! मिथ्रिल हातात आहे. मारियाचं एचपी आता जवळपास फिरियनइतकं झालंय.

आणखी एक विचारतो. मिथ्रिल बंडखोरांची प्रमुख हिल्डा हिच्याकडे परत न्यायच्या आधीच चालत मिसिडिया या मांत्रिकांच्या गावाला जाऊन भारी मंत्र घ्यावेत, असं एका व्हिडिओत सांगितलंय. रस्ता खुला आहे म्हणे. जाऊ का?

पिवळा_पक्षी

रस्ता खुला आहे हे खरं. वाटेतल्या पहिल्याच लढाईत चौघं एका फेरीत झोपतील हेही खरं. आत्ता चौथा गडी म्हणून मांत्रिक मिन्वू सोबत आहे, त्याच्याकडे चांगले मंत्र तयार आहेत. तो आहे तोवर गोष्टीबरोबर चला. गेलातच, तर निघण्याआधी सेव्ह करा.